निढोरीपाशी आलेले उत्तर

"तुम्हाला घरी कोण बघतं?" हा प्रश्न आमच्या थोरल्या चुलतभावाला विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर आम्ही दिले. "आम्हीच बघतो, साहेब," असे आम्ही म्हणालो. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक सरकारी कार्यालय, बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसे, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची रांग, आणि टेबलापलीकडे जेवणाच्या सुट्टीआधी उरलेली प्रकरणे हातावेगळी करू पाहणारा एक थकलेला गृहस्थ. त्याने आमचे उत्तर लिहून घेतले. पुढचे दोन-तीन प्रश्नही त्याने नावापुरते तात्यालाच विचारले, पण आता त्याचे डोळे आमच्याकडे होते, आणि आम्ही मोठ्या तत्परतेने उत्तरे देत गेलो. शेवटी एका रकान्यात, रुग्ण स्वतः उत्तरे देत नाही, अशा अर्थाचे काहीतरी त्याने लिहिले. उलटे वाचण्याची सवय आम्हां मास्तर लोकांना असते. ते आम्ही टेबलाच्या अलीकडून वाचले, आणि काम एका फेरीत झाले म्हणून आम्हांला हायसेच वाटले.

परतीच्या एस.टी.त तात्या खिडकीशी बसला होता. हंगामाचे दिवस होते. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी रेंगाळत चालली होती. कागल मागे पडून बराच वेळ झाला होता. निढोरी आले तेव्हा बाहेर पाहत तात्या म्हणाला, "आईला मीच बघतोय की."

"काय म्हणालास?" आम्ही विचारले. तो पुन्हा काही बोलला नाही. हे कशाचे उत्तर आहे हे उमगायला आम्हांला मुरगूडचा स्टँड यावा लागला. थोरल्या काकू तेव्हा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना कुशीवर वळवणे, न्हाऊ घालणे, भांडे देणे, घास भरवणे हे सारे तात्या करीत असे. आम्ही कोल्हापूरला नोकरीला. शनिवारी रात्री येणार आणि रविवारी संध्याकाळी परतणार. तेव्हा 'आम्हीच बघतो' यातला आम्ही नेमका कोण होता, हे आज सांगणे अवघड आहे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असा सोयीचा भेद आहे, ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला सोडून. त्या टेबलाशी 'आम्ही'च म्हणायला हवे होते, व्याकरणाचा त्यात काही दोष नाही. पण आमच्या वाक्यात तात्या कर्म होता, आणि खरी गोष्ट अशी की त्या घरात बघण्याच्या क्रियेचा कर्ता तो होता.

तात्याला स्किझोफ्रेनिया आहे. मराठी पुस्तकांत याला छिन्नमनस्कता म्हणतात. हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टराने १९०८ साली घडवलेल्या मूळ शब्दाचे जवळजवळ शब्दशः भाषांतर आहे. ब्लॉयलरला म्हणायचे होते ते विचार, भावना आणि इच्छा यांची एकमेकांपासून होणारी फारकत. लोकांनी त्याचा अर्थ एका देहात दोन माणसे असा करून घेतला, आणि हिंदी सिनेमाने तो पक्का केला. जपानमध्ये याच तऱ्हेचा शब्द रूढ होता. तो २००२ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी रीतसर बदलून टाकला. आमच्याकडे असले काही घडलेले नाही, आणि खरे तर गरजही पडलेली नाही, कारण मुरगुडात छिन्नमनस्कता हा शब्द कोणीच उच्चारीत नाही. तिथे 'डोक्यावर परिणाम झालाय' असे म्हणतात. रागाच्या भरात 'रत्नागिरीला न्यायला पायजे' असे म्हणतात, कारण आमच्या बाजूच्या माणसांना मनोरुग्णालय म्हटले की रत्नागिरीच आठवते. घरच्यांनी तात्याला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला नेले आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांकडेही नेले. या दोहोंत काही विरोध आहे असे त्यांना कधी वाटले नाही, आणि गोळ्या वेळेवर दिल्या जात असल्याने आम्हीही तो दाखवून देण्याच्या भरीस पडलो नाही.

आजारी पडण्यापूर्वी तात्या तालमीत जात असे. कागल तालुक्यातल्या कुठल्याही पोराने लाल मातीत काही वर्षे काढलेली असतात, त्यात विशेष काही नाही. पण तात्याची ख्याती त्याच्या ताकदीची नव्हती, चपळाईची होती. सलामी झाली की खडाखडी सुरू होते. दोघे मल्ल वाकून, हाताला हात लावीत, मानेवर थापा देत एकमेकांचा अंदाज घेत फिरतात, आणि बघणाऱ्याला वाटते की काहीच चाललेले नाही. त्या काहीच न चालण्यातून तात्या जो एकदम पटात घुसे, तो कधी घुसला हे समोरच्याला पाठ मातीला लागल्यावर कळे. वस्ताद म्हणायचे, "ह्याचं डोळं नव्हं, पायच बघत्यात." आम्ही त्याच्याहून चार वर्षांनी धाकटे, आम्हांला त्या वयात या वाक्याचा अर्थ कळला नव्हता, पण ते लक्षात राहिले.

विसाव्या वर्षी आजार आला. त्या वर्षाबद्दल इथे लिहिण्याचा आमचा विचार नाही. आवाज ऐकू येणे, संशय घेणे, रात्री बाहेर पडणे, हे सारे औषधांनी दोन-तीन वर्षांत पुष्कळ ओसरले. राहिले ते वेगळेच. तात्याला हाक मारली की तो वळून पाही, पण थोड्या वेळाने. चहाचा कप पुढे केला की हात पुढे येई, पण देणाऱ्याच्या मनात 'घेतो की नाही?' हा प्रश्न उमटून गेल्यावर. प्रश्न विचारला तर उत्तर येई, किंवा येत नसे, किंवा निढोरीला येई. घरात यासाठी तीन शब्द होते: सुस्त, बधिर, आणि 'मुद्दाम करतो'. तिसरा शब्द आमचा होता, हे कबूल केलेले बरे. आम्ही त्या सुमारास नुकतेच महाविद्यालयात शिकवू लागलो होतो, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न संपताच उत्तर सुरू करणारा विद्यार्थी हुशार, अशी आमची समजूत होती. ती समजूत आम्ही घरी घेऊन जात होतो.

पुढे काही वर्षांनी पुण्यातल्या एका संशोधक विद्यार्थिनीने अशा रुग्णांच्या प्रतिक्रियाकालाचे मापन करायचे ठरवले, आणि आमच्या डॉक्टरांच्या ओळखीने तात्याचेही नाव त्यात आले. आम्ही त्याच्यासोबत गेलो. प्रयोग इतका साधा होता की आमची निराशाच झाली. संगणकाच्या पडद्यावर एक पोकळ वर्तुळ उमटे. त्याचा अर्थ, सावध व्हा. मग काही काळ काहीच होत नसे. मग ते वर्तुळ भरून येई, आणि ते भरताक्षणी बटण दाबायचे. बस, एवढेच. निरोगी तरुण माणसाला उजेड दिसून बोट हलेपर्यंत सुमारे दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. आवाजाला त्याहून थोडा कमी. तात्याचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात उमटत होते आणि आम्ही, नको असताना, मागे उभे राहून ते वाचत होतो. तीनशेच्या आसपास. पुन्हा तीनशे. एकदा अडीचशे, तेव्हा आम्हांला तालीम आठवली. मग एकदम बाराशे. पुन्हा तीनशे दहा.

ती मुलगी मोठी समंजस होती. आम्ही विचारले, "मग सरासरी काय म्हणायची?" ती म्हणाली, "सर, सरासरीनं गैरसमज होतो." त्या दुपारी तिने जे सांगितले, आणि नंतर आम्ही जे वाचले, त्याचा सारांश असा. या आजारात प्रतिक्रियाकाल वाढतो, ही गोष्ट गेल्या शतकभरात इतक्या वेळा, इतक्या देशांत मोजली गेली आहे की या आजाराविषयीच्या भक्कम निष्कर्षांत तिची गणना होते. पण कुठल्याही एका रुग्णाचे शंभर प्रतिसाद मांडून पाहिले तर त्यांतले पुष्कळसे तुमच्याआमच्यासारखे, किंवा जरासेच उशिरा आलेले असतात. मधूनमधून काही प्रतिसाद फार लांबतात, आणि तेच सरासरीला ओढून वर नेतात. म्हणजे मंद हा शब्द अपुरा आहे, बेभरवशाचा हा अधिक जवळचा. घड्याळ हळू चालत नाही, मधेच थबकते. आम्ही तात्याला सुस्त म्हणत होतो, आणि कधीतरी तो झटकन काही करी, समजा, पडता तांब्या हवेत झेली, तेव्हा म्हणत होतो, "बघा, जमतं की! बाकीच्या वेळी सोंग करतो." त्या झेललेल्या तांब्यानेच आम्ही त्याच्याविरुद्ध निकाल दिला होता.

दुसरी गोष्ट त्या रिकाम्या काळाची. सावधानतेची खूण आणि प्रत्यक्ष खूण यांमधल्या या अवधीचा कसून अभ्यास डेव्हिड शॅको या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात तो आणि त्याचे सहकारी १९३०च्या दशकात हे काम करीत होते. त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९३७चा आहे आणि दुसरा, रॉडनिक आणि शॅको यांचा, १९४०चा. त्यांनी केले ते असे: काही फेऱ्यांत तो अवधी दर वेळी सारखाच ठेवला, काही फेऱ्यांत कमीजास्त केला. अवधी सारखा असेल तर निरोगी माणूस त्याचा अंदाज बांधतो आणि अधिक चटकन बटण दाबतो. अवधी लांबला तरी नियमितपणाचा थोडाबहुत फायदा त्याला मिळतच राहतो. रुग्णांनाही हा फायदा मिळत होता, पण अवधी छोटा असेतोवरच. तो पाच-सहा सेकंदांपलीकडे गेला की फायदा नाहीसा होई. इतकेच नव्हे, तर नियमित फेरीत ते अनियमित फेरीपेक्षाही मागे पडत. पुढे काय होणार हे माहीत असणे हाच जणू अडथळा होऊन बसे. सगळ्या रुग्णांत असे आढळत नाही, आणि याचे कारण काय यावर नंतरच्या लोकांनी पुष्कळ वाद घातला आहे. शॅकोचे म्हणणे असे की, मुख्य कामासाठी मनाची बैठक धरून ठेवणे या रुग्णांना अवघड जाते. मागच्या फेरीचे काहीतरी, आजूबाजूचे काहीतरी, अशा तुकड्यांत ती बैठक मोडत राहते.

हे वाचताना आम्हांला खडाखडी आठवली नसती तरच नवल. वस्तादांच्या 'पायच बघत्यात'चा अर्थ, म्हणायचा तर, हाच होता: काहीही घडत नसताना तयारी न सोडणे. तात्याची गेली ती चपळाई नव्हे. ती अडीचशेच्या आकड्यात त्या दिवशीही डोकावून गेली. गेले ते त्या रिकाम्या जागेत तग धरणे.

औषधांमुळे असे होते का, हा प्रश्न आम्ही लगेच विचारला, कारण घरात सगळा दोष गोळ्यांना देण्याची पद्धत आहे. काही औषधांनी हातपाय ताठरतात, झापड येते, हे खरेच आहे, आणि डॉक्टरांना ते सांगायलाच हवे. पण या आजारावरचे पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ सालचे. शॅकोचे निबंध त्याच्या आधीचे आहेत. शिवाय आजार नसलेल्या काही सख्ख्या नातलगांतही या विलंबाची सौम्य छटा दिसते, असे ती मुलगी म्हणाली. आम्ही चुलत आहोत, असे आम्ही उगाचच बोलून गेलो. ती हसली. या मापनाने रोगाचे निदान मात्र होत नाही. नैराश्यात, कंपवातात, म्हातारपणात, झोप न झालेल्या परीक्षकातही प्रतिक्रियाकाल वाढतो; आकडा पाहून माणूस ओळखता येत नाही.

या मापनाचा जन्मच एका अन्यायातून झाला, ही हकिकत कदाचित वाचकांना ठाऊक असेल. ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मास्केलिन या राजज्योतिषाचा डेव्हिड किनब्रूक नावाचा साहाय्यक होता. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकतानाची वेळ दोघे नोंदवीत, आणि किनब्रूकची नोंद मास्केलिनच्या नोंदीपेक्षा जवळजवळ ०.८ सेकंदांनी उशिराची येऊ लागली. ताकीद देऊनही फरक पडेना, तेव्हा १७९६ साली त्याला कामावरून काढून टाकण्यात आले. बरीच वर्षे उलटल्यावर बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ती हकिकत वाचली आणि शंका घेतली की असा फरक कोणत्याही दोन निरीक्षकांत असणार. त्याने पडताळले, तर होता. मास्केलिनची वेळ खरी आणि किनब्रूकची चूक, याला मास्केलिन वरिष्ठ होता यापलीकडे आधार नव्हता. १८६८ साली डाँडर्स या डच शास्त्रज्ञाने अशा विलंबांवरून मनाच्या व्यापारांचा काळ मोजण्याची युक्ती काढली. १८७९ साली लाइपझिगला वुंटची प्रयोगशाळा निघाली. आणि १८८२ साली तिथे एमिल क्रेपेलिन नावाचा तरुण डॉक्टर आला. पुढे ज्या आजाराला ब्लॉयलरने नवे नाव दिले, तो आजार म्हणून प्रथम वेगळा काढणारा हाच क्रेपेलिन. म्हणजे प्रतिक्रियाकालाचे घड्याळ आणि हा आजार यांची गाठ आरंभापासूनची आहे.

१८८२ हे साल मराठीच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच कारणाने पाठ असते, आणि ते कारण आमच्या मुलखातले आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या मनाचा तोल गेला आहे असे सांगण्यात येत होते. कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करीत आहेत, त्यांना वेडे ठरवले, किंबहुना वेडे केले जात आहे, अशी ओरड 'केसरी' आणि 'मराठा' यांनी केली. आधाराला घेतलेली पत्रे बनावट निघाली, अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातून 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक मराठीला मिळाले. या प्रकरणाचा आपल्याकडचा पाठ संपादकांवर केंद्रित आहे: त्यांचा त्याग, त्यांची मैत्री, आगरकरांची विनोदबुद्धी. आम्हीही वर्गात ते तसेच शिकवीत आलो. ज्यांच्यावरून हे सारे घडले ते महाराज विशीतले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर ते मरण पावले. त्यांच्या गादीवर १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक आला, आणि तो शाहू महाराज झाला. आमच्या तालुक्याला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण कागलहून एस.टी. निघाली की आम्हांला हल्ली आधीचे महाराज आठवतात. त्यांना कोणता आजार होता, होता की नव्हता, हे शे-दीडशे वर्षांनंतर ठरवण्याचा आगाऊपणा करू नये. एवढे मात्र दिसते की त्यांच्या वतीने बोलणारे पुष्कळ होते, आणि त्यांतल्या ज्यांचा हेतू सर्वांत निर्मळ होता, त्यांनीही ते उत्तर बनावट कागदांवरून वाचून दाखवले होते. चांगल्या हेतूने दुसऱ्याचे उत्तर देण्याचा हा प्रकार आम्हांला आता फार ओळखीचा वाटतो.

आणि त्याच १८८३ साली आगरकरांनी केलेले 'हॅम्लेट'चे भाषांतर प्रसिद्ध झाले, 'विकारविलसित' या नावाने. हॅम्लेट विलंब का करतो, हा इंग्रजीच्या परीक्षेतला सदाबहार प्रश्न. आम्ही तो किती वर्षे विचारला असेल आणि त्याच्या किती ठरावीक उत्तरांना ठरावीक गुण दिले असतील, याचा हिशेब नाही. चिंतनशील स्वभाव, नैतिक संकोच, मातेविषयीचा गंड. विलंब हा प्रत्येक उत्तरात दोषच असतो, फक्त त्याचे कारण बदलते. नाटकातला वेडाचा भाग खरा की सोंग, हा त्याला जोडून येणारा उपप्रश्न. घरी 'मुद्दाम करतो' म्हणणारा मास्तर वर्गात हा उपप्रश्न दहा गुणांना विचारीत होता.

आगरकरांच्या शीर्षकातला विकार हा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्या काळी मनोविकार म्हणजे क्रोध, शोक, मत्सर, प्रेम. राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाच्या मनात उठणाऱ्या लहरी. आज मनोविकार म्हणजे आजार, आणि तोही दुसऱ्याचा. शंभर-सव्वाशे वर्षांत एक शब्द सगळ्यांच्या मनातून निघाला आणि रुग्णालयाच्या फाटकावरच्या पाटीत जाऊन बसला. यावर कोणीतरी शब्दार्थाच्या अंगाने लिहायला हवे. असो.

'देवराई' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट २००४चा. अतुल कुलकर्णी यांनी त्यात रंगवलेला शेष पाहून आमच्या घरातली माणसे पहिल्यांदा या आजाराविषयी एकत्र बसून बोलली. त्या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे, हा आजार घरातच जवळून पाहिलेले, आणि त्यासाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभारणारे. गंमत अशी की चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाच्या गटात. देवराई हीही जपायचीच गोष्ट, तेव्हा चूक म्हणता येणार नाही. आमच्या काकूंना मात्र त्यातले एकच लक्षात राहिले. "ते पोरगं बोलाय लागलं की त्याची भन गप बसती," असे त्या म्हणाल्या होत्या. आम्ही त्यावर त्यांना पटकथेतील शांततेच्या उपयोगाविषयी काहीतरी समजावून सांगितले.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर वाचणारा विज्ञानाचा मित्र आमची हजेरी घेईल. वर्तुळ भरल्यावर बटण दाबायला लागणारे तीनशे मिलिसेकंद आणि कोल्हापूरच्या प्रश्नाला निढोरीत आलेले उत्तर, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात मज्जातंतू, लक्ष आणि बोट आहे. दुसऱ्यात माणसाची भीड, अनोळखी खोली, साहेबाचा आवाज, आणि बोलणेच आटत जाणे हे या आजाराचे वेगळे लक्षणही आहे. पहिलीवरून दुसरीचे स्पष्टीकरण होत नाही. आम्ही त्या प्रयोगातून घेतले ते फार थोडे: उशीर झाला म्हणजे आत काही चाललेले नाही, असे नव्हे, आणि एकदा वेळेवर जमले म्हणजे एरवी जाणूनबुजून टाळले, असेही नव्हे. एवढ्यासाठी पुण्याला जावे लागले, याची लाज वाटते.

तात्या गुरुवारच्या भजनात टाळ वाजवतो. हे त्या मुलीला सांगितले तेव्हा तिला ते ऐकून कौतुक वाटले, आणि तिने एका कुटुंबाच्या सांगण्यावर शास्त्र रचता येत नाही अशी पुस्तीही जोडली. तेही बरोबर. पण आम्ही जे पाहतो ते असे: पखवाजावर लय बसली की तात्याचा टाळ तीत जाऊन बसतो, आणि घोळक्यात कुणाचा टाळ कुठला हे वेगळे काढता येत नाही. दोन टाळ्यांमधली जागा सेकंदाहून लहान असते, आणि पुढची टाळी येणार याची हमी आजूबाजूची वीस माणसे देत असतात. बुवा मधेच थांबून निरूपण करू लागतात तेव्हा तो हरवतो. निरूपण लांबले की टाळ मांडीवर ठेवून बाहेर काळोखात बघत बसतो. पुन्हा गजर उठतो, सगळे टाळ एकदम पडतात, त्यात त्याचा नसतो. दोन-तीन आवर्तने जातात. मग शेजारी बसलेले म्हातारे कुंभारबाबा, त्याच्याकडे न पाहता, कोपराने हलकेच ढोसतात, आणि तो येतो. हे ढोसणे कोणी कोणाला शिकवलेले नाही. त्यात घाईही नसते. ते दोन-तीन आवर्तने जाऊ देतात, हे आमच्या लक्षात यायलाच काही वर्षे लागली. एखादे आवर्तन आधी ढोसले तर काय होते, हे आम्ही एकदा स्वतः शेजारी बसून पाहिले. तात्याने टाळ खाली ठेवला आणि तो उठून बाहेर गेला.

काकू गेल्या त्याला आता काही वर्षे झाली. तेराव्यापर्यंत तात्या कुणाशी बोलला नाही. त्यानंतर एके दिवशी त्यांच्या खाटेचे नवार सोडवून, धुऊन, वळकटी करून माळ्यावर ठेवून आला. दरम्यान २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि २०१८पासून लागू झाला. उपचारांविषयी रुग्णाला स्वतःला काय हवे ते विचारले पाहिजे, आणि त्याला निर्णय घेता येतो असेच गृहीत धरले पाहिजे, असे तो सांगतो. विचारल्यानंतर किती वेळ थांबायचे, हे कायद्यात लिहिता येत नाही.

प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला गेल्या वर्षी पुन्हा जावे लागले. तेच कार्यालय, टेबलाशी या वेळी एक बाई होत्या. आम्ही तात्याच्या मागच्या बाकावर बसलो, मुद्दाम. त्यांनी मान वर न करता विचारले, "घरी कोण बघतं तुम्हाला?" तात्या गप्प. बाईंनी पेन टेबलावर टेकवले. आम्ही दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे वाचू लागलो. बाईंनी मान वर केली, तात्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. मागे रांगेत कोणीतरी चुळबुळले. आम्ही सतरा तारखेपर्यंत पोहोचलो होतो.

"ह्यो," तात्या अंगठ्याने मागे आमच्याकडे दाखवून म्हणाला. बाईंनी लिहायला घेतले. त्यांचे लिहून होत आले तेव्हा तो पुढे म्हणाला, "पण लई बोलतो."

हे दुसरे वाक्य त्यांनी लिहिले नाही.